रक्ताची पिशवी तपासतो, मग बियाण्याची पुरचुंडी का नाही?

भाईंदर पश्चिमेला आमच्या विहाराच्या हॉलमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी बीपी आणि शुगरची तपासणी असते. वंदना आटोपली की सतरंजी गुंडाळायची, दोन टेबलं मांडायची, आणि साडेबारापर्यंत बायाबापड्यांची रांग. गेल्या डिसेंबरात त्या रांगेत अकोट तालुक्यातल्या एक आजी होत्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला आल्या आणि मग मुलाकडे महिनाभर राहिल्या. शुगर बघून झाली तरी उठेनात. लुगड्याच्या पदराची गाठ सोडून त्यांनी टेबलावर एक पुरचुंडी ठेवली.

"सिस्टर, हे वांग्याचं बी हाये. माह्या सासूपासून चालत आलेलं. आता पोरं म्हणतात का यात कंपनीचं मिसळलं असंन. तुमच्या मशिनीत पाह्यता येते काय?"

रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. आम्हाला हसू आलं नाही. आमच्या मशिनीत ते दिसत नाही, एवढं सांगून आजींना लिंबूपाणी दिलं. पण प्रश्न काही टेबलावरून उठेना. या पानावर आम्ही नेहमी रक्तक्षय, क्षयरोग, पाळी यांवर लिहितो. या वेळी बियाण्यावर लिहीत आहोत. आरोग्याच्या पानावर बियाणं कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी थोडं धीराने वाचावं, ही विनंती.

आधी आजींची शंका नीट समजून घेऊ. जनुक बदललेलं बियाणं म्हणजे प्रयोगशाळेत दुसऱ्या जीवाचा जनुक घालून तयार केलेलं बियाणं. आपल्याकडचं ठळक उदाहरण बीटी कापूस. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक त्यात घातलेला असतो, त्यामुळे बोंडअळीला मारक असं प्रथिन झाड स्वतःच तयार करतं. भारतात मार्च २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि आज देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटीच आहे. बीटी वांग्याला मात्र ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने स्थगिती दिली, ती आजतागायत आहे. म्हणजे कायद्याने आपल्या देशात जनुक बदललेलं वांगं शेतात असायलाच नको.

नको म्हटलं तरी ते असतं, ही अडचण आहे. २०१९ च्या मे महिन्यात हरियाणातल्या फतेहाबाद जिल्ह्यात एका शेतात बीटी वांगं सापडलं. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोने नमुने तपासून ते खरं असल्याचं सांगितलं. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे, अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावात, शेतकरी संघटनेच्या लोकांनी जाहीर सभा घेऊन परवानगी नसलेला तणनाशक-सहनशील कापूस पेरला. हे गाव आजींच्याच अकोट तालुक्यातलं. पोरांची शंका हवेतली नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आता मुद्द्यावर येऊ. अशा काळात जुनी, गावरान वाणं जपून ठेवणाऱ्या ज्या बियाणे बँका आहेत, त्यांत चुकून जनुक बदललेलं बी शिरलं आहे का, हे कोण पाहतं?

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून वीसेक वर्षं वॉर्डात काढलेल्या बाया. आम्हाला बँक म्हटलं की रक्तपेढी आठवते. रक्तपेढीत कोणी कितीही जवळचा माणूस रक्त देवो, पिशवी पाच तपासण्यांतून जाते: एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि मलेरिया. दात्याचा चेहरा बघून कोणी सूट देत नाही. पिशवीवर नंबर, तारीख, गट. रजिस्टरात नोंद. तपासणीत दोष निघाला तर ती पिशवी बाजूला. हे सगळं आपोआप आलेलं नाही. न तपासलेल्या रक्तातून लोकांना आजार झाले, खटले झाले, मग नियम कडक झाले. बियाण्याच्या बाबतीत आपण अजून त्या आधीच्या काळात आहोत असं आमचं मत आहे.

आणि हे मत ऐकीव गोष्टींवर बेतलेलं नाही. आपल्या नागपुरातच याचं जे उदाहरण घडलं ते प्रत्येकाने माहीत करून घ्यायला हवं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचं कृषी विद्यापीठ आणि दिल्लीतल्या सरकारी संस्थेचे शास्त्रज्ञ यांनी मिळून 'बिकानेरी नरमा बीटी' नावाचा कापूस तयार केला. आपल्या पैशातून झालेला, सरकारी बीटी. तो संकरित नव्हता. सरळ वाण होता. म्हणजे शेतकऱ्याने एकदा घेतलेलं बी पुढच्या वर्षी घरचंच पेरावं, दरवर्षी दुकानात पाकिटासाठी रांग लावू नये, हा त्याचा खरा फायदा. कोरडवाहू दोन एकरवाल्याला, म्हणजे विदर्भात ज्यांच्याकडे जमीन आहे अशा आपल्या बहुतेक कुटुंबांना, हेच हवं होतं. २००८ मध्ये मंजुरी मिळाली, २००९ च्या खरिपात बी शेतात गेलं. आणि त्यानंतर लगेच ते मागे घ्यावं लागलं. कारण त्या बियाण्यात महिको-मोन्सँटोच्या बीटी कापसातला, 'मॉन-५३१' या नावाने ओळखला जाणारा जनुकबदल आढळला. सरकारी म्हणून जे विकलं, त्यात खासगी कंपनीचा माल निघाला. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. २०१२ च्या शेवटी अहवाल आला आणि त्यातही मॉन-५३१ असल्याचं स्पष्ट झालं.

तो मिसळला कसा, कोणी मिसळला, चूक की आणखी काही, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. आम्हाला त्यात पडायचं नाही. आमचा प्रश्न नर्सचा आहे: पिशवी रुग्णाला लावायच्या आधी कोणी का नाही तपासली? ज्या संस्थेकडे हजारो कापूस वाणांचा संग्रह आहे, जिने बीटी ओळखायच्या तपासणी पट्ट्या स्वतः तयार केल्या, तिथे हे घडलं. मग तालुक्याच्या गावी मातीच्या मडक्यात बी जपणाऱ्या बाईकडून आपण काय अपेक्षा ठेवणार? आणि नुकसान कोणाचं झालं तेही बघा. कंपनीचं दुकान चालूच राहिलं. घरचं बी पेरता येईल असा सरकारी बीटी मात्र त्या वर्षी गेला तो गेला.

वॉर्डातली एक गोष्ट इथे आठवते. आमच्यातली एक उपनगरातल्या एका रुग्णालयात रात्रपाळीला असताना एकाच नावाच्या दोन बाया शेजारी-शेजारी होत्या. रक्तगट तपासायला नळ्या गेल्या त्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊन. पहाटे साडेचारला वडिलांच्या नावाचा ताळा घेताना ते लक्षात आलं म्हणून निभावलं. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. दोन नळ्या, दोन चिठ्ठ्या आणि झोपेने जड झालेले डोळे, एवढंच कारण. बियाण्याची भेसळही बहुतेक वेळा अशीच होते, असं आम्हाला वाटतं.

ती होते कशी, हे थोडं खोलात सांगू, कारण भीती घालवायची असेल तर वाट माहीत हवी. एक वाट परागाची. मका वाऱ्यावर परागीभवन करतो, शेजारच्या शेतातून सहज घेतो. कापूस, तूर, वांगं यांच्यात मधमाश्या हे काम करतात, कमीजास्त प्रमाणात. भात बहुतेक स्वतःतच परागीभवन करतो, त्यामुळे त्याला हा धोका फार कमी. दुसरी वाट हातांची. जिनिंगमध्ये सरकी मिसळते, मळणी यंत्रात आधीच्या शेतातलं बी अडकून राहतं, पोतं तेच वापरलं जातं, चिठ्ठी पुसली जाते, पाहुणा 'गावरान आहे' म्हणून मूठभर देतो.

यात एक गंमत आहे. आपला जुना देशी कापूस, ज्याच्या वाती आजही आजी वळतात, तो आणि बीटी घातलेला अमेरिकन कापूस या मुळातच वेगळ्या जाती. एकीच्या पेशीत २६ गुणसूत्रं, दुसरीत ५२. त्यांचा संकर सहजासहजी होत नाही. म्हणजे देशी कापसाला शेजारच्या बीटीच्या परागापासून फारसं भय नाही, भय आहे ते पोत्याचं आणि चिठ्ठीचं. जुने अमेरिकन वाण मात्र दोन्ही वाटांनी उघडे आहेत. आणि बिकानेरी नरमा हा अमेरिकन जातीचाच.

सरकारी जनुक-बँकेत बी वाळवून उणे अठरा अंशाला ठेवतात. थंडीत झोपलेल्या बियाला पराग लागत नाही. धोका येतो तो उगवणशक्ती कमी झाली की बी बाहेर काढून, पेरून, नवं करून पुन्हा ठेवताना. गावच्या बियाणे बँकेत हे दर वर्षी होतं, कारण तिथे फ्रीज नाही, शेत हीच बँक. म्हणून तिथलं बी जिवंत राहतं, हवामानाबरोबर बदलत जातं, आणि म्हणूनच ते जास्त उघड्यावरही असतं. हे गावच्या बँकांविरुद्ध म्हणून आम्ही लिहीत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी काही शाळा न शिकता शेकडो वाणं जपली, २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री मिळाली. नातवंडं वरचेवर आजारी पडतात हे बघून त्या या कामाला लागल्या, असं त्या सांगतात. म्हणजे त्यांची सुरुवातही आरोग्यातूनच आहे. बाएफ संस्थेच्या मदतीने आपल्या शेजारच्या जव्हारात, तिकडे धडगावातही असं काम उभं राहिलं आहे. भाईंदरच्या दुकानात 'वाडा कोलम' म्हणून आपण जो तांदूळ घेतो (त्यातला खरा किती, हा वेगळ्या लेखाचा विषय), तो वाणही शेतकऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला म्हणून टिकला.

आता तुम्ही विचाराल, मिसळलं तर मिसळलं, खाऊन काय होतं? इथे आम्ही जपून बोलणार आहोत. व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं 'बीटी खाल्लं की कॅन्सर' हे आम्ही म्हणणार नाही, तुम्हीही पुढे पाठवू नका. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की सध्या बाजारात असलेले असे पदार्थ सुरक्षा तपासणीतून गेलेले आहेत आणि त्यांच्यापासून माणसाला धोका होण्याची शक्यता दिसत नाही. पण त्या वाक्यातला 'तपासणीतून गेलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. जे चोरून आलं, ते कोणत्या तपासणीतून गेलं? फतेहाबादच्या वांग्याची आपल्या देशात खाण्यासाठी मंजुरी झालीच नव्हती. औषधाच्या दुकानातली गोळी आणि जत्रेत कागदात बांधून मिळणारी पूड यांत फरक असतो, तो इथेही आहे.

आणि आमच्या मते आरोग्याचा मोठा प्रश्न ताटातला नाहीच, शेतातला आहे. अकोली जहांगीरला पेरलेला कापूस कशासाठी केलेला आहे? त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तरी कापूस जगतो, बाकी सगळी हिरवळ जळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. काही देशांच्या नियामकांना ते मान्य नाही, वाद चालू आहे. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली की ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरावं. प्रत्यक्षात पाठीवर पंप घेऊन कोण फिरतं, हे आम्ही सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हे. पण पंप तोच, चिंधीचा मास्क तोच, मजूरही तोच. त्या यादीत भूमिहीन किती होते ते बघावं. आपल्या माणसांना जमीन मिळाली नाही, फवारणीचा रोज मात्र मिळाला.

तणनाशकाने जे जळतं त्यात तांदुळजा असतो, घोळ असते, चिवळ असते, पाथरी असते. निंदणाला जाणारी बाई संध्याकाळी ओटीत तेवढी भाजी घेऊन येते आणि घरी दाळीत टाकते. आम्ही दर महिन्याला बायांचं हिमोग्लोबिन बघतो, लोहाच्या गोळ्या देतो. शेतातली फुकटची पालेभाजी जळाली तर त्या गोळ्यांनी किती भरून निघणार? निंदणाचा रोजही जातो, ते आणखी वेगळं. अर्थात, निंदण करून ज्यांची कंबर मोडली त्या बायांना विचारलं तर 'जळू दे ते तण' असंही ऐकायला मिळतं. आमच्यातल्या एकीची आईच असं म्हणते. तिचंही खोटं नाही.

म्हणून ज्यांनी तो कापूस पेरला त्यांना गुन्हेगार म्हणायला आम्ही तयार नाही. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य हवं, असं त्यांचं म्हणणं आहे. बरं, मानलं. पण निवड करायची तर समोर दोन वेगळ्या गोष्टी असाव्या लागतात. ज्याला तो कापूस नको, त्याच्या मडक्यात तोच शिरला असेल तर त्याने निवडायचं कशातून? ज्याला हवा आहे, त्यालाही पाकिटात काय आहे ते खात्रीने कळत नाही. चोरट्या पाकिटावर ना कंपनी, ना तारीख. तपासणी दोघांच्याही फायद्याची आहे.

परदेशातही हे घडून गेलं आहे. मेक्सिको म्हणजे मक्याचं माहेर. तिथल्या ओआहाका भागातल्या गावरान मक्यात जनुकबदलाचे अंश सापडल्याचं २००१ मध्ये दोन संशोधकांनी जाहीर केलं, त्यावर मोठा गदारोळ झाला, ज्या नियतकालिकाने लेख छापला त्यानेच पुढच्या वर्षी पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. नंतरच्या एका अभ्यासात काही ठिकाणी पुन्हा अंश मिळाले. त्या धांदलीनंतर आंतरराष्ट्रीय बियाणे बँकांना आपापल्या संग्रहासाठी धोरण ठरवावं लागलं: कुठल्या पिकात धोका जास्त, बी कधी तपासायचं, सापडलं तर कोणाला कळवायचं. आपल्याला २०२१ मध्ये दुसरा झटका बसला. भारतातून, आणि तोही अमरावतीच्या एका निर्यातदाराकडून गेलेल्या सुमारे ५०० टन तांदळाच्या कणीत जनुक बदललेला तांदूळ असल्याचं युरोपात सांगितलं गेलं. आपल्या सरकारने सांगितलं की भारतात असा भात पिकवलाच जात नाही. कोण बरोबर, हे इथे बसून ठरवता येणार नाही. पण आपल्या भाताच्या संग्रहांची वेळोवेळी झालेली तपासणी आणि तिचे कागद हाताशी असते, तर ते टेबलावर ठेवता आले असते. रुग्णाचा नातेवाईक भांडायला आला की आम्ही आधी केसपेपर काढतो, तसंच.

तपासणी अवघड आहे का? काही अंशी सोपी, काही अंशी अवघड. सोपी अशी की गरोदरपणाची पट्टी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, तशीच पट्टी बीटी प्रथिनासाठी असते. पानाचा तुकडा कुटून पाण्यात घोळवायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत रेघ. बीटी कापसातलं 'क्राय-१-एसी' हेच प्रथिन महिकोच्या बीटी वांग्यातही आहे, त्यामुळे तीच पट्टी दोन्हीकडे चालू शकते. तणनाशक-सहनशीलतेसाठी मात्र वेगळी पट्टी लागते, हे विसरून चालणार नाही. पट्टीवर शंका आली तर पीसीआर. कोरोनाने तो शब्द घराघरात पोचवला आहे. तो डीएनए बघतो आणि फार थोडं असलं तरी पकडतो.

अवघड भाग गणिताचा. शंभरात एक बी मिसळलेलं असेल, तर ते पंच्याण्णव टक्के खात्रीने पकडायला सुमारे तीनशे बिया तपासाव्या लागतात. हजारात एक असेल तर तीन हजार. आजींच्या पुरचुंडीत जेमतेम दोनशे बिया असतील. सगळ्या कुटून तपासल्या तर निकाल मिळेल, बी संपेल! म्हणून बी न कुटता रोपं करून पानाचा तुकडा घ्यायचा, दहा-दहा रोपांची पानं एकत्र तपासायची, झाड तसंच वाढू द्यायचं. आणि मर्यादा प्रामाणिकपणे सांगायची. एचआयव्हीच्या तपासणीत सुरुवातीचे काही आठवडे लागण असूनही तपासणीत दिसत नाही, तसंच 'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं नव्हे. वर्षाआड पुन्हा बघायचं.

एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाराष्ट्र जनुक कोश' प्रकल्पाला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये. त्यात स्थानिक पीकवाणांचं जतन हा एक विषय आहे. आमची मागणी अशी की त्यातले काही पैसे तपासणीसाठी स्पष्टपणे बाजूला ठेवावेत. सगळ्या वाणांची तपासणी करायची गरज नाही. कापूस आणि वांगं आधी, मग मका आणि मोहरी, भाताचे थोडे नमुने. अकोल्यात, कृषी विद्यापीठाच्या आवारात, त्याच राष्ट्रीय ब्युरोचं प्रादेशिक केंद्र आहे. म्हणजे अकोटच्या आजींचं बी दिल्लीला न्यायची गरज पडू नये.

पण कशी तपासायची यावर आमचा आग्रह जास्त आहे, कारण तपासणीने माणसं कशी मोडतात ते आम्ही पाहिलं आहे. एचआयव्हीच्या पहिल्या वर्षांत बेडवर लाल चिठ्ठ्या लावत, आया जेवणाचं ताट लांबून सरकवत. मग नियम आला: आधी समजावून सांगा, संमती घ्या, निकाल गुप्त ठेवा, नंतर आधार द्या. बियाणं जपणारी बाई आदिवासी असते, दलित असते, तिच्याकडे वकील नसतो. तिच्या मडक्यात बीटी सापडलं म्हणून तिच्यावरच केस झाली, किंवा पेपरात गावाचं नाव येऊन तिचं बी कोणी घेईना झालं, तर पुढच्या वेळी कोणीच मडकं उघडणार नाही. तपासणीचा खर्च तिच्यावर नको. दोष सापडला तर सगळं जाळायची घाई नको. तेवढा भाग वेगळा करायचा, बी कुठून आलं ते मागे मागे शोधायचं, आणि त्याच वाणाचं शुद्ध बी दुसऱ्या बँकेतून तिला परत द्यायचं. यासाठी प्रत्येक वाणाची जोड आधीच दुसरीकडे ठेवलेली हवी. निकाल एकत्र करून दर वर्षी मराठीत प्रसिद्ध व्हावेत, नावांशिवाय.

शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात दिलेला आहे. त्या हक्काला धक्का लागेल अशी कोणतीही तपासणी आम्हाला मान्य नाही.

शहरात राहून आपण काय करायचं? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि महानगरपालिकेतसुद्धा जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत ती नोंदवही मागून बघा. त्यात पिकांच्या वाणांचं पान आहे का, ती वाणं कोणाच्या घरी आहेत ते लिहिलंय का, आणि आपल्या वस्तीतल्या एकाही घराचं नाव त्यात आहे का, हे बघा. बलुत्याच्या काळापासून आपल्या आज्यांनी वाट्याला आलेल्या मूठभर धान्यातून बी राखलं, राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून. ते 'संग्रह' म्हणून कोणी मोजलं नाही. उत्तन, राई, मुर्धा इकडच्या जुन्या शेतकरी घरांत भाताची कोणती वाणं उरली आहेत, हे आम्ही एप्रिलपासून विचारत फिरणार आहोत. ज्या भगिनींना रविवारी दोन तास देता येतील त्यांनी शिबिराच्या टेबलावर नाव सांगावं.

आजींचं बी सध्या आमच्याकडे आहे. अर्धं त्यांनी परत नेलं, अर्धं आमच्याकडे ठेवलं, 'दोन घरी असलेलं बरं' म्हणाल्या. औषधाच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत, राखेसकट. वर चिठ्ठी लावली आहे: काटेरी वांगं, अकोट तालुका, सासूकडून, डिसेंबर, न तपासलेलं. पंधरा बिया हॉलच्या गच्चीवर तीन कुंड्यांत लावल्या. अकरा उगवल्या. पानं हाताएवढी झाली की तुकडे घेऊन पट्टी लावायची आहे. अकरा रोपांवरून सगळ्या बियाबद्दल फार काही म्हणता येणार नाही, हे आजींना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "अकरा तर अकरा. पण पाणी टाका रोज, नाहीतर तुमच्या मशिनीआधी उन्हानंच मरतीन."